एखाददुसरा टक्का

तेलांविषयी रसायनशास्त्राचं पहिलंच म्हणणं ऐकलं की खाणाऱ्याचं मन जरा खट्टू होतं. शेंगदाणा घ्या, करडई घ्या, तीळ, खोबरं, मोहरी, सूर्यफूल, सरकी, काहीही घ्या. बाटलीतल्या शंभर भागांपैकी ९५ ते ९९ भाग एकाच जातकुळीचे निघतात. ट्रायग्लिसराइड हे त्या कुळाचं नाव. आमच्या घरात करडीचं तेल चांगलं की शेंगदाण्याचं, या प्रश्नावर दोन पिढ्यांनी एकमेकींशी अबोला धरलेला आहे. तिथे जाऊन ‘तुम्ही दोघी बहुतांशी एकच बोलताय’ असं म्हणणं धाडसाचं. शिवाय उष्मांकांच्या बाबतीतही कुणाला वरचढ होता येत नाही. कुठल्याही तेलाचा एक ग्रॅम पोटात गेला की नऊ किलोकॅलरी. तेलाच्या राज्यात इतकी समता असेल, अशी कल्पना किराणा दुकानातल्या भावफलकाकडे बघून कधीच येत नाही.

हे ट्रायग्लिसराइड दिसायला सोपं आहे. भिंतीवर तीन खुंट्यांची पट्टी असावी आणि प्रत्येक खुंटीला एकेक लांब सदरा लटकत असावा, तसा त्याचा थाट. पट्टी म्हणजे ग्लिसरॉल, सदरे म्हणजे स्निग्धाम्लं. पट्टी सगळ्या तेलांत तीच, फरक सदऱ्यांचा. हे कोडं उलगडलं ते फ्रान्सच्या मिशेल युजेन शेवरल यांनी. चरबीवरचा त्यांचा ग्रंथ १८२३ सालचा. स्निग्धाम्लं एकेक करून वेगळी काढायची, त्यांना नावं द्यायची, हे काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं, आणि काही आम्लांना बोकडाच्या वासाची आठवण म्हणून बोकडाचंच लॅटिन नाव दिलं. माणूस १७८६ मध्ये जन्मला आणि १८८९ मध्ये गेला. १०२ वर्षं जगला. चरबीत आयुष्य घालवूनही माणूस शंभरी गाठतो, हा दाखला मी घरी अधूनमधून देत असतो. शेवरल यांनी चरबीचा अभ्यास केला होता, ती खाण्याचा सपाटा लावला नव्हता, असं उत्तर मिळतं.

आता सदऱ्यांकडे यावं. काही स्निग्धाम्लं सरळसोट, कडक इस्त्रीची. त्यांना संपृक्त म्हणतात. काहींना मध्येच एखादा कोपरा असतो, काहींना दोन, काहींना तीन. सरळसोट रेणू एकमेकांना चिकटून दाटीनं उभे राहू शकतात, म्हणून लवकर गोठतात. कोपरेवाले एकमेकांना धक्के देत राहतात, म्हणून वाहते राहतात. खोबरेलात शंभरातले ९० रेणू सरळ स्वभावाचे, त्यातले जवळजवळ निम्मे लॉरिक आम्लाचे. २४ अंशांच्या खाली पारा उतरला की ते आखडतं. पुण्यातल्या डिसेंबरात सकाळी आंघोळीआधी खोबरेलाची बाटली खिडकीतल्या उन्हात उताणी पडलेली दिसते ती यामुळे. आत पांढरा दगड, कडेनं एक पातळ पारदर्शक किनार सुटायला लागलेली, आणि बाटलीभोवती ओल्या केसांची घाई. आई त्या बाटलीच्या तोंडात विणकामाची सुई खुपसून मधोमध भोक पाडायची. त्या भोकातून दोन थेंब निघायचे, आणि तेवढ्यावर आमची शाळा गाठायची असायची.

करडईचं याच्या उलट. तिच्या पारंपरिक वाणांत शंभरातले ७५ रेणू दोन कोपऱ्यांचे, लिनोलिक आम्लाचे. कितीही थंडी पडो, करडीचं तेल हटून बसत नाही. शेंगदाण्याचं मधलं, निम्मे एक कोपऱ्याचे, तिसरा हिस्सा दोन कोपऱ्यांचा, उरलेले सरळ. आणि जवस म्हणजे तर कोपऱ्यांचं संमेलन. त्यातल्या निम्म्याहून अधिक रेणूंना तीन तीन वळणं. कोपरे मोजायची एक जुनी, मोठी गमतीची रीत आहे. १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन पिऊन टाकतं ते बघायचं. खोबरेल दहाच्या आसपास घोट घेऊन पुरे म्हणतं, शेंगदाणा नव्वदीच्या घरात जातो, करडई १४० पर्यंत पोचते आणि जवस १७० ओलांडूनही ग्लास पुढे करत असतं.

जवसाची ही तहान आयोडीनपुरती नाही. हवेतला ऑक्सिजनही ते असाच पितं आणि पिता पिता घट्ट होत जातं. पातळ थर उघड्यावर ठेवला तर काही दिवसांत त्याची चिवट साय बनते. युरोपातल्या चित्रकारांनी शतकानुशतकं याच तेलात रंग कालवले. १८६०च्या दशकात इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन यांनी त्या सायीवरून लिनोलियमची जमीन बनवली. आमच्या वाड्यात या तेलाचा उपयोग बॅटला व्हायचा. नवी बॅट आणली की चुलतभाऊ जवसाचं तेल कापसाच्या बोळ्यानं तिच्या अंगाला चोळायचा. दांडा सोडायचा, पाठ अलगद, पोट मात्र मन लावून. मग ती आडवी टांगून ठेवायची आणि तिला कुणी हात लावायचा नाही. त्याच सुमारास वर्ध्याच्या आत्याकडून जवसाच्या चटणीचा डबा आलेला असायचा. विदर्भात जवसाचं तेल खाण्यातलं. नागपूरच्या जुन्या सावजी रश्श्याच्या तर्रीत त्याचा मान मोठा. आत्या बॅटला चाललेलं ते तेल बघायची आणि म्हणायची, “अरे, माणसांच्या पोटात जायचं ते लाकडाला काय पाजता?” बॅट काही बोलायची नाही. पण त्या हंगामात ती फुटली नाही, हेही खरं.

इथवरचं सगळं रसायन तेलाचं अंग सांगतं. ते कधी गोठेल, कधी वाळेल, कधी बिघडेल. चव कशी असेल याबद्दल ते चकार शब्द काढत नाही. कारण ट्रायग्लिसराइडला चव नाही, वासही नाही. ते रेणू इतके जड, की नाकापर्यंत उडून यायची त्यांची ताकद नसते. जिभेवर ते फक्त एक मऊ, गुळगुळीत पाऊल टाकून जातात. मग शेंगदाण्याच्या तेलाला शेंगदाण्याचा वास येतो तो कुठून? उरलेल्या एखाददुसऱ्या टक्क्यातून. सगळं प्रकरण त्या सांदीकोपऱ्यात दडलेलं आहे.

शेंगदाणा भाजला की त्यात पायराझिन नावाचे हलके रेणू जन्मतात. भाजक्या दाण्याच्या तेलाचा तो खमंगपणा त्यांचा. खोबऱ्याचा वास लॅक्टोनांचा. तिळात सेसामिन आणि सेसामोलिन अशी जोडी असते. या साऱ्यांचं एकूण वजन बाटलीत इतकं किरकोळ, की तराजूनं त्यांची दखलही घेऊ नये. पण नाक तराजूचं ऐकत नाही. हजार माणसं मुकाट चालली आहेत आणि मध्ये एकच सनईवाला आहे, तर लांबून आपण ‘सनई आली’ असंच म्हणतो.

मोहरीचा नखरा याहून वेगळा. तिच्या दाण्यात तिखटपणा तयार नसतोच. एका कप्प्यात सिनिग्रिन, दुसऱ्या कप्प्यात मायरोसिनेज नावाचं विकर. दोघांची गाठ पडू नये अशी निसर्गानं सोय केलेली. दाणा चिरडला आणि पाणी लागलं की कप्पे फुटतात, दोघं भेटतात आणि त्या भेटीतून जे जन्मतं ते थेट नाकात शिरून कपाळापर्यंत चढतं. म्हणून कच्च्या घाणीच्या मोहरीच्या तेलात ती झणक असते, आणि म्हणून आपल्याकडे कैरीच्या लोणच्यासाठी मोहरी पाण्यात फेसतात. माझी आजी पाट्यावर मोहरीची डाळ पाण्याचा हात लावून वाटायची, मग वाटीत घेऊन बोटांनी फेसत बसायची. मधूनच मान मागे झटकायची, डोळे पुसायची आणि समाधानानं जाहीर करायची, “चढली!” ही वार्ता ती हिमालयाच्या शिखरावरून द्यावी तशा सुरात द्यायची. त्याच घरात रोजच्या फोडणीत तीच मोहरी कडकडीत तेलात पडायची. तिथे ते विकर गाठभेट व्हायच्या आतच उष्णतेनं मरतं. तडतड होते, झणक होत नाही, राहतो तो नुसता खरपूस वास. बंगालच्या आणि आपल्या स्वयंपाकातलं निम्मं अंतर या पाण्या-विस्तवाच्या निवडीत आहे, असं मला वाटत आलं आहे.

तर असा हा एखाददुसरा टक्का. आता कारखान्यात त्याचं काय होतं ते पाहावं. तिथे त्याचं नाव अशुद्धी. आधी पाणी घालून चिकट द्रव्यं काढतात. मग कॉस्टिक सोड्यानं सुटी आम्लं धुऊन नेतात. मग रंग घालवण्यासाठी माती लावतात, आणि ही माती आपल्या मुलतानी मातीचीच सख्खी नातेवाईक. इतका वेळ हे सगळं नवरीच्या तयारीसारखं चाललेलं असतं. शेवटची पायरी मात्र दीक्षा देण्याची आहे. २०० अंशांच्या वर तापवून, निर्वात भांड्यात, आतून वाफ सोडून तेलातले उडून जाण्याजोगे सारे रेणू बाहेर काढायचे. बाहेर पडणारं तेल संन्याशासारखं. त्याला गाव नाही, गोत नाही, पूर्वाश्रमीचं नाव नाही. ते करडई होतं का सोयाबीन, हे त्याला विचारून उपयोग नाही. पाकीट काय सांगेल तेच खरं. आपण त्याला ‘हलकं’ म्हणतो.

एके दिवशी चहा उकळेस्तोवर मी एक पाकीट सावकाश वाचलं. दुसरं वाचायला काही नव्हतं. सूर्याचं हसरं चित्र, बाजूला निळा अधिकचा शिक्का, आणि मागे मुंगीच्या अक्षरात: जीवनसत्त्व अ आणि ड मिसळलेलं, ऑक्सिडीकरणरोधक ३१९. हा ३१९ क्रमांकाचा गृहस्थ तेल खवट होऊ देत नाही. खवटपणा येतो तो कोपऱ्यांमुळेच. हवा त्या वळणावर येऊन रेणू तोडते, आणि तुकड्यांमधून तो जुन्या फरसाणाचा वास उठतो. वळणं जितकी जास्त तितकी ही भीती मोठी. आता गंमत अशी, की घाण्याच्या तेलात या कामाला राखणदार असतातच. ई जीवनसत्त्वाची मंडळी असतात, तिळाच्या तेलात तर सेसामोलमुळे पहारा इतका कडक की ते महिनोन्महिने शहाण्यासारखं राहतं. आणि हे राखणदार राहायला कुठे असतात? त्याच एखाददुसऱ्या टक्क्यात. शुद्धीकरणात त्यांच्यातले बरेचसे बाहेर काढले जातात आणि मग दारावर क्रमांकाचा बिल्ला लावलेला पगारी माणूस नेमला जातो. चहा उतू गेला, पण पाकीट वाचल्याचं सार्थक झालं.

या अल्पसंख्य टक्क्याची किंमत एकदा खुद्द सरकारनं ओळखली होती. वनस्पती तुपाचा काळ होता. १९३७ मध्ये डालडा बाजारात आलं. पिवळा डबा, त्यावर हिरवं ताडासारखं झाड. कोपऱ्याकोपऱ्यांचं पातळ तेल घ्यायचं, निकेलच्या साक्षीनं त्यात हायड्रोजन सोडायचा आणि वाकड्या रेणूंना सरळ करायचं, की तेलाचं तुपासारखं रवाळ काही तरी होतं. काही रेणू सरळ व्हायच्या नादात अर्धवटच वळायचे, आणि त्या ट्रान्स मंडळींवर जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. पण तो पुढचा इतिहास. तेव्हाची चिंता वेगळी होती. साजूक तुपात हे वनस्पती मिसळलं तर ओळखायचं कसं? उपाय असा निघाला, की वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचं तेल असलंच पाहिजे असा नियम करायचा. तिळाच्या तेलातले ते चिमूटभर रेणू हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरॉल दिसताच लालबुंद होतात. बोदुआँ चाचणी म्हणतात तिला. तुपाचा नमुना परीक्षानळीत घ्यायचा, हलवायचा. लाली चढली की भेसळ पकडली. कोट्यवधी डब्यांमध्ये तीळ हा साध्या वेशातला हवालदार होऊन बसला होता. संक्रांतीला गोड बोलायला सांगणाऱ्या तिळाला सरकारनं चुगलखोरीचं काम द्यावं, आणि त्यानं ते लाजून लाल होत पार पाडावं, यात मला तिळाचा सुसंस्कृतपणा दिसतो.

खोबरेलाचं प्रकरण तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. लहान बाटलीतलं शुद्ध खोबरेल हे खायचं तेल की केसांचं, असा कराचा वाद. २०१८ मध्ये दोन न्यायमूर्तींचं त्यावर एकमत झालं नाही. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानं सांगितलं, की केसांचं तेल म्हणून विकायला ठेवलं नसेल तर ते खाद्यतेल. इतकी वर्षं हा प्रश्न आमच्या घरात न्यायप्रविष्टच होता. मावशी लग्न होऊन मडगावला गेली आणि पहिल्या दिवाळीला माहेरी आली ती सांगत, की तिकडे मासे खोबरेलात तळतात. सोलापूरच्या आजीनं हातातली चकली खाली ठेवली. “म्हणजे डोक्याच्या तेलात?” मावशी म्हणाली, “आई, तिथे ते जेवणाचंच तेल, आणि करडीचं तेल सांगितलं तर सासूबाई विचारतात की ते कुठल्या औषधाचं.” आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग लेकीच्या केसांवरून हात फिरवून म्हणाली, “तरीच केस चांगले झालेत.” लॉरिक आम्लाच्या बाजूनं आमच्या घरात झालेलं हे एकमेव अनुकूल भाष्य.

आजीचं जग करडईचं होतं. ज्वारीच्या रानात, ओळीच्या कडेनं उभी असलेली ती काटेरी, केशरी फुलांची पिकं. त्यांच्या काट्यांनी गुरं आपोआप लांब राहायची. पुढे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बिनकाट्याच्या करडईचे वाण काढले, पण तोवर रानं सोयाबीनकडे वळत चालली होती. आपण खातो त्या तेलाचा निम्म्याहून जास्त भाग आता परदेशातून येतो, त्यात सर्वांत मोठा वाटा पामचा, आणि ते शुद्ध होऊन येतं तेव्हा त्यातून त्याचं मलेशिया-इंडोनेशिया काढून टाकलेलं असतं. जिभेला परदेशी जाणवू नये एवढा त्याचा संकोच.

आणि आता गल्लोगल्ली लाकडी घाणे सुरू झालेत. बैलाच्या जागी मोटर, तेल्याच्या जागी ॲप्रन घातलेला तरुण. काचेपलीकडे लाकडी उखळीत लाकडी मुसळ करकरत फिरतं, दाणे आधी चुरतात, मग ओलसर गोळा होतात, मग त्या गोळ्याच्या अंगावर घाम फुटावा तसं तेल दिसू लागतं. खाली पडतं ते गढूळ, फिकट पिवळं. तरुण सांगतो, “काका, दोन दिवस निवळू द्या, गाळ खाली बसेल.” आणि मग भाव सांगतो. पाकिटातल्या तेलाच्या जवळपास दुप्पट. म्हणजे हा एखाददुसरा टक्का काढण्याचे पैसे आपण एका दुकानात देतो आणि तो न काढण्याचे त्याहून जास्त पैसे दुसऱ्या दुकानात देतो. अर्थशास्त्रात याला काय म्हणतात ठाऊक नाही. संसारात याला आवड म्हणतात.

आपल्या स्वयंपाकघरानं मात्र यातून केव्हाच वाट काढलेली आहे. तळणाला, फोडणीला कुठलंही तेल चालतं, कारण कडकडीत तापल्यावर उडून जाणारं उडूनच जातं. पण कारळ्याच्या चटणीत बोटानं खळगा करून त्यात ओततात ते, ठेचा-भाकरीवर सोडतात ते, लावलेल्या पोह्यांना चोळतात ते तेल कच्चं असतं. हा भाग विस्तवाला कधी दाखवायचा नाही, एवढं शहाणपण शेवरल यांचा ग्रंथ न वाचलेल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं. आमच्याकडेही हल्ली ओट्यावर दोन बाटल्या आहेत. मोठी कामाची आणि लहान वरून घ्यायची. तपासणीनंतर डॉक्टरांनी माणशी महिन्याला अर्धा लिटरची मर्यादा घालून दिली, तेव्हा कपात मोठीतून झाली. लहानीला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. डॉक्टरांना ते सांगितलं तर ते म्हणाले, तेल ते तेल, नव्याण्णव टक्के सारखंच. त्यांचं बरोबरच आहे. तेवढे नव्याण्णव आम्ही त्यांच्या आज्ञेनं मोजून घेतो. उरलेल्याची चिठ्ठी आमच्या आजीनं आधीच लिहून ठेवलेली आहे.